सचिन आणि धोनी, दोघेही पायचीत

रविवार, ६ मार्च २०११. क्रीडा डेस्कवर माझी रात्रपाळी होती. विश्वचषकाचे दोन सामने एकाच दिवशी आले होते. चेन्नईत इंग्लंडने स्वतः १७१ धावांत सर्वबाद होऊनही दक्षिण आफ्रिकेला ६ धावांनी हरवलं, ती बातमी संध्याकाळीच मार्गी लागली. बेंगळुरूत भारत-आयर्लंड सामना सुरू होता. आयर्लंड २०७ धावांत बाद झालं, युवराजने ३१ धावांत ५ बळी घेतले. पानाचा मथळा तेव्हाच ठरल्यासारखा होता.

तरी कुणी निर्धास्त नव्हतं. चारच दिवसांपूर्वी याच चिन्नास्वामीवर केव्हिन ओब्रायनने ५० चेंडूंत शतक ठोकलं होतं आणि इंग्लंडच्या ३२७ धावा आयर्लंडने पार केल्या होत्या. सेहवाग आणि गंभीर लवकर परतले, दोघांनाही ट्रेंट जॉन्स्टनने घालवलं. सचिन मात्र जमला होता. आदल्या रविवारी याच मैदानावर त्याने इंग्लंडविरुद्ध १२० केल्या होत्या.

मग तो पोरगा आला. जॉर्ज डॉकरेल, डब्लिनचा, वय १८, डावखुरा फिरकीपटू. सचिनच्या पहिल्या कसोटीनंतर जवळजवळ तीन वर्षांनी जन्मलेला. समोर सचिन असताना एवढ्या वयाचा गोलंदाज सहसा चेंडू सपाट टाकून धावा रोखायला बघतो. हा चेंडूला उंची देत होता. सचिन ३८ वर पायचीत झाला आणि डेस्कवर सगळ्यांचे हात थांबले. पाठोपाठ कोहली धावबाद, ४ बाद १००. पुढे युवराजबरोबर डाव सावरणारा धोनीही ३४ वर डॉकरेलनेच पायचीत केला. शेवटी यूसुफ पठाणने २४ चेंडूंत नाबाद ३० केल्या, युवराज ५० वर नाबाद राहिला आणि आपण पाच गडी राखून जिंकलो. विश्वचषकाच्या एकाच सामन्यात पाच बळी आणि अर्धशतक याआधी कुणालाच जमलं नव्हतं. मथळा युवराजचाच, त्याबद्दल दुमत नव्हतं.

माझा हट्ट डॉकरेलवरच्या छोट्या चौकटीसाठी होता. डाक आवृत्ती, म्हणजे बाहेरगावी जाणारा अंक, सुटायची वेळ जवळ आली होती. मुख्य उपसंपादक म्हणाले, "अरे, हरलेल्या संघातल्या पोराला जागा कुठून देऊ?"

मी म्हटलं, "सर, १० षटकांत ४९ धावा आणि दोनच बळी, पण ते दोन कोणाचे ते बघा. आपल्याकडे मैदानावर डावखुरी फिरकी टाकणारी शेकडो मुलं आहेत. उद्या त्यांनी हे वाचायला हवं."

त्यांनी क्षणभर पानाकडे बघितलं, गुणतक्त्याशेजारची जाहिरात खाली सरकवली आणि म्हणाले, "दीडशे शब्द. पाच मिनिटांत."

ती चौकट मी मनापासून लिहिली. आकडे थोडे दिले. त्याने चेंडूला दिलेली उंची आणि सचिन समोर असतानाची छाती, यावरच लिहिलं.

तेव्हापासून या माणसाची प्रत्येक बातमी मी वाचत आलो. २०१२ मध्ये आयसीसीने त्याला संलग्न, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या, देशांतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. तो इंग्लंडमध्ये सॉमरसेटकडून काउंटी क्रिकेट खेळला. पण गोलंदाज म्हणून त्याचं स्थान हळूहळू निसटत गेलं. आयर्लंडकडे अँडी मॅकब्राइन आणि सिमी सिंग हे ऑफस्पिनर आले, आणि डॉकरेल फलंदाजीकडे वळला. हे वळण मला अजूनही चटका लावतं, कारण तसा चेंडू टाकणारा मुलगा पुन्हा सापडणं कठीण. त्याने मात्र कुढत न बसता नवं काम शिकून घेतलं. २०१९ मध्ये देहरादूनला अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीत आयर्लंड ९ बाद ८५ असताना त्याने आणि टिम मर्टाने शेवटच्या जोडीसाठी ८७ धावा जोडल्या. त्यात त्याच्या ३९ होत्या.

आणि २८ जून २०२२ ला आयर्लंडमधल्या मालाहाइडमध्ये टी-ट्वेंटी सामन्यात भारताच्या २२५ धावांचा पाठलाग करताना शेवटच्या षटकात १७ हव्या होत्या, खेळपट्टीवर मार्क अडेअरसोबत डॉकरेल होता. त्या दिवशी त्याने एकही षटक टाकलं नव्हतं. उमरान मलिकने षटक निभावलं, भारत ४ धावांनी सुटला. डॉकरेल १६ चेंडूंत ३४ वर नाबाद राहिला. त्या रात्री डेस्कवर मीच मुख्य होतो, आणि त्याच्या चौकटीसाठी कुणाला विचारावं लागलं नाही.