तुम्ही विचारलंत म्हणून: केस लावून का घेत नाहीस?

नोकरी बरी आहे, वय चोवीस आहे, मग केस लावून का घेत नाहीस? मावशी स्थळांच्या निमित्ताने विचारते, ऑफिसातले मित्र इस्तंबूलला जाऊन केस लावून घेण्याची पॅकेजं दाखवून विचारतात. एकदा नीटच उत्तर देतो. मला केसांचं ट्रान्सप्लांट करायचं आहे, पण आत्ता नाही.

"मनावर घेऊ नकोस" असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. विशीत केस जाणं त्रासाचंच असतं. फोटोत मागच्या रांगेत उभं राहावंसं वाटतं, पावसात भिजायला नको वाटतं. त्यावर उपाय शोधण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घाईचं मात्र मला भय वाटतं.

ट्रान्सप्लांटमध्ये नवे केस तयार होत नाहीत. डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे केस मुळांसकट काढून पुढे लावतात. जागा बदलली तरी केस आपला मूळ गुण सोडत नाही, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि आजची शस्त्रक्रिया त्यावरच उभी आहे. पुढच्या केसांना डीएचटी हे संप्रेरक बारीक करत नेतं, मागच्यांना सहसा नाही. पण मागचा साठा मोजका असतो. मुळांसकट काढलेल्या केसांच्या बारीक पुंजक्याला ग्राफ्ट म्हणतात; एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस येतात आणि बहुतेकांच्या डोक्यातून आयुष्यभरात काही हजारच ग्राफ्ट काढता येतात. काढलेल्या जागी पुन्हा केस उगवत नाही.

माझी गळती अजून थांबलेली नाही. आधी कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेले, आता भोवऱ्याशी टाळू दिसते. बाबांचं आणि मामाचं डोकं पाहता हे कुठवर जाईल याचा अंदाज बांधता येतो. आज पुढची बाजू दाट भरून घेतली, तर लावलेले केस टिकतील, पण त्यांच्या मागचे माझे स्वतःचे केस गळतच राहतील. पस्तिशीत पुढे केसांची पट्टी आणि मागे मोकळी टाळू. ती भरायला पुन्हा शस्त्रक्रिया, आणि तोवर साठा संपत आलेला. कॉलेजातल्या फोटोसारखी खाली आखलेली हेअरलाइन पन्नाशीच्या चेहऱ्यावर कशी दिसेल, याचाही विचार आजच करावा लागतो.

हे मला एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी समजावलं. त्यांनी फोटो काढून ठेवले, औषधं सुरू केली आणि वर्षभराने बघू म्हणाल्या. मिनॉक्सिडिल डोक्याला लावतो, फिनास्टराइडची गोळी घेतो. फिनास्टराइडने काहींची कामेच्छा कमी होते, काहींचं मन उदास होतं, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मिनॉक्सिडिलने सुरुवातीला गळती वाढू शकते, हेही. औषध सोडलं की फायदाही जातो. मित्राने दिलं म्हणून गोळी सुरू करू नका, एवढी कळकळीची विनंती.

त्याआधी एका सेंटरमध्येही गेलो होतो. डॉक्टर भेटलेच नाहीत. काउन्सेलरने डोक्याकडे पाहून ग्राफ्टचा आकडा सांगितला आणि सवलत याच आठवड्यापुरती आहे म्हणाला. गोळ्यांचं नाव नाही, घरात कुणाला टक्कल आहे का हा प्रश्न नाही. मी उठून आलो. यूट्यूब पाहून किंवा एखादी कार्यशाळा करून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचनांत लिहावं लागलं, यावरून काय चाललंय ते कळतं. मुंबईत २०१९ मध्ये ट्रान्सप्लांटनंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला होता. असं क्वचितच होतं, पण भूल देऊन केलेली ती शस्त्रक्रियाच आहे. टाके कोण घालणार, ग्राफ्ट कोण काढणार, अचानक ॲलर्जी उठली तर सोय काय, हे विचारण्यात संकोच कसला?

स्वतःचं लग्न दोन महिन्यांवर आलंय म्हणून ट्रान्सप्लांटबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो की लावलेले केसही पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक गळून पडतात. नवे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून येऊ लागतात आणि खरा परिणाम दिसायला वर्ष जातं. मांडवात उभं राहताना डोकं आजच्यापेक्षा विरळ दिसण्याचीच शक्यता जास्त.

औषधांनी गळती दोन-तीन वर्षं स्थिर राहिली, तर मी फक्त पुढचा भाग करून घेईन, हेअरलाइन थोडी वरच ठेवून. भोवऱ्याला हात लावणार नाही. तिथे कितीही ग्राफ्ट घातले तरी कमीच पडतात, आणि मागचा साठा मला पुढच्या वयासाठी राखून ठेवायचा आहे.