गप्पा, थापा आणि चिंध्या: कार्निव्हलचं इटालियन तळण

ईस्टरआधीच्या उपासापूर्वी इटलीत कार्निव्हलचा सण असतो, आणि त्यात गोडसर पिठाच्या पातळ पट्ट्या तळतात. पदार्थ एकच, नावं गावागणिक वेगळी. मिलान आणि नेपल्समध्ये 'क्याक्येरे', म्हणजे गप्पा. तोरिनो आणि जेनोव्हात 'बुजीये', म्हणजे थापा. फ्लोरेन्समध्ये 'चेंची', चक्क चिंध्या. रोममध्ये 'फ्राप्पे', बोलोन्यात 'स्फ्राप्पोले', व्हेनिसमध्ये 'गालानी'. मैदा, अंडी, थोडी साखर, थोडं लोणी आणि घोटभर दारू असं पीठ सगळीकडे जवळपास सारखंच. फरक पडतो तो जाडीत आणि आकारात. व्हेनिसचे गालानी इतके पातळ की आरपार उजेड दिसावा. त्याच प्रांतातले, पण खाडी ओलांडून जमिनीवर आल्यावर मिळणारे 'क्रोस्तोली' जरा जाडसर.

कार्निव्हलचा शेवटचा दिवस 'मार्तेदी ग्रासो', ईस्टरच्या ४७ दिवस आधीचा मंगळवार. दुसऱ्या दिवसापासून उपासाचा काळ लागतो. पूर्वी त्यात मांस, अंडी, डुकराची चरबी सगळंच वर्ज्य असे, म्हणून घरातली अंडी आणि चरबी आधीच संपवायची. मिलानचं पंचांग मात्र वेगळं. तिथल्या चर्चच्या स्वतंत्र, आंब्रोसियन परंपरेत उपास पुढच्या रविवारी सुरू होतो, त्यामुळे तिथली कढई शनिवारपर्यंत उतरत नाही.

आता क्याक्येरे. शंकरपाळी करणाऱ्या हाताला हा प्रकार ओळखीचा वाटतो आणि तिथेच घोळ होतो. शंकरपाळी जाड लाटून मंद आचेवर निवांत तळायची असते. इथे सगळं उलट: लाटी पातळ आणि तळण मिनिटभरात संपलेलं. मोहनही बेताचंच. खुसखुशीतपणा मोहनातून येत नाही, पातळपणातून आणि अंगावर उठलेल्या फोडांतून येतो. चांगल्या क्याक्येरेवर फोड हवेतच. गुळगुळीत निघालं तर कुठेतरी चुकलंय.

प्रमाण असं: ५०० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम मऊ लोणी, ३ अंडी आणि वर एक पिवळा बलक, ३० मिली ग्राप्पा (द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेली कडक दारू), एका लिंबाची किसलेली साल, चिमूटभर मीठ. बरेच जण ५-६ ग्रॅम बेकिंग पावडर घालतात. नीट पातळ लाटता येत असेल तर तिची गरज नाही. साखर ८० ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. जास्त साखरेचं पीठ तेलात पडताच काळवंडतं आणि आतून मात्र मऊ राहतं. गोडवा वरच्या पिठीसाखरेतून येतोच.

ग्राप्पा वासापुरती नाही. अल्कोहोल मैद्यातलं ग्लुटेन फार ताणू देत नाही, आणि ७८ अंशांनाच उकळत असल्यामुळे तेलात गेल्याबरोबर वाफ होऊन फोड उठवायला मदत करतं. ग्राप्पाऐवजी मार्साला, रम किंवा पांढरी वाइन चालते. दारू नको असेल तर एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर आणि उरलेलं संत्र्याचा रस. फोड थोडे कमी येतील, पण पदार्थ बिघडणार नाही.

पीठ पुरीच्या कणकेइतकं घट्ट हवं. दहा मिनिटं तरी मळा, मग झाकून किमान अर्धा तास ठेवा. या विश्रांतीत कसर केली तर लाटी रबरासारखी आखडते आणि हवी तेवढी पातळ होतच नाही.

लाटताना गोळ्याचे चार भाग करा. एक घ्या, तीन झाका. लाटून तिघडी घालायची, पुन्हा लाटायचं, असं तीन-चार वेळा. घडीत अडकलेली हवा आणि पिठाचे थर यांतूनच पुढे फोड येतात. पास्ता लाटायचं यंत्र असेल तर सर्वांत रुंद फटीतून हेच करून मग फट एकेक अंकाने अरुंद करत जा. शेवटची जाडी दीड ते दोन मिलिमीटर, गालानीसाठी एकाहूनही कमी. करंजीच्या कातणाने ५ बाय १० सेंटिमीटरचे आयत कापा आणि प्रत्येकाच्या पोटात दोन समांतर चिरा द्या. चिरा शोभेच्या नाहीत. त्या नसतील तर आयत पुरीसारखा एकच फुगा होतो, वरचा भाग तेलाबाहेर राहतो आणि कच्चट लागतो.

कापलेल्या पट्ट्या उघड्यावर ठेवणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. दहा मिनिटांत वरून पापुद्रा धरतो, आणि सुकलेल्या पापुद्र्याला फोड येत नाहीत. सगळं लाटून मग तळायला बसू नका. एक भाग लाटा, तळा, मग दुसरा घ्या. पिठीही कमी लावा आणि तळण्याआधी झटका. सुटं पीठ तेलात उतरून जळतं, तेल फेसाळतं आणि तिसऱ्या घाण्यापासून काळे ठिपके दिसू लागतात.

पूर्वी तळण डुकराच्या चरबीत, 'स्त्रुत्तो'मध्ये होई. आता बहुतेक घरांत शेंगदाण्याचं तेल. तेल निदान पाच सेंटिमीटर खोल आणि १७०-१७५ अंश तापलेलं. थर्मामीटर नसेल तर कडेचा तुकडा टाका: दोन सेकंदांत वर येऊन भोवती बुडबुडे धरले पाहिजेत. एका वेळी दोन-तीनच सोडा, वीस-तीस सेकंदांनी उलटा आणि फिकट सोनेरी असतानाच झाऱ्याने काढा, कारण काढल्यावरही रंग थोडा चढतो. तेलकट निघाली तर तेल थंड होतं किंवा कढईत गर्दी झाली होती. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच भुरभुरा. गरम असताना ती विरघळून चिकट डाग पडतात. ओव्हनमध्ये भाजलेली 'हलकी' आवृत्ती सगळीकडे सुचवली जाते. ती बरी बिस्किटं होतात, इतकंच.

नेपल्समध्ये क्याक्येरे 'सांग्विनाच्चो'त बुडवून खातात. आज ते म्हणजे दूध, कोको, गडद चॉकलेट आणि दालचिनीचं दाट क्रीम. मूळ पदार्थात डुकराचं रक्त असे. १९९२मध्ये रक्ताच्या विक्रीवर बंदी आली. नाव तेवढं राहिलं.

कार्निव्हलचाच दुसरा प्रकार 'कास्तान्योले', म्हणजे चेस्टनटएवढे तळलेले गोळे. इथे बेकिंग पावडर हवीच: २०० ग्रॅम मैद्याला ८ ग्रॅम, सोबत ५० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम लोणी, २ अंडी, लिंबाची साल आणि चमचाभर बडीशेपेच्या चवीचा लिकर. पीठ हाताला किंचित चिकटतं. म्हणून मैदा वाढवत गेलात तर गोळे दगड होतात. त्यापेक्षा हाताला तेल लावा. गोळा १२ ग्रॅमचा, तेल १६० अंश, वेळ तीन-चार मिनिटं. आच जास्त झाली की वरचं कवच आधीच घट्ट होतं आणि मध्ये कच्चं पीठ राहतं, म्हणून पहिला गोळा फोडूनच पाहावा. तेल बरोबर असेल तर गोळे फुगता फुगता आपणहून कुशी बदलतात. दाणेदार साखरेत गरम असतानाच घोळवा.

व्हेनिसच्या 'फ्रीतोले' म्हणजे यीस्टने फुगवलेली गोड भजी. १७व्या शतकात तिथे फ्रीतोले तळणाऱ्यांचा स्वतंत्र संघ होता आणि धंदा बापाकडून मुलाकडे जाई. ५०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम साखर, २ अंडी, साधारण २७० मिली कोमट दूध, ७ ग्रॅम कोरडं यीस्ट, १२० ग्रॅम बेदाणे, ५० ग्रॅम पाइनचे दाणे आणि चिमूटभर मीठ. बेदाणे ग्राप्पात भिजवून, निथळून, पुसून, वर थोडा मैदा चोळून घाला. ओले राहिले तर तेल उडतं. पीठ चमच्यावरून जडपणे घसरण्याइतकं सैल हवं. दोन तास, दुप्पट होईपर्यंत ठेवा आणि नंतर ढवळू नका. कडेकडेने चमचा घालून उचला. चमचा दर वेळी तेलात बुडवला की पीठ अलगद सुटतं. १६५-१७० अंशांवर चार मिनिटं. बाहेर डोकावणारा बेदाणा आत ढकलायचा, तो जळला की कडू होतो.

क्याक्येरे कागदात गुंडाळून तीन-चार दिवस टिकतात. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात मात्र मऊ पडतात. फ्रीतोले त्याच दिवशी, शक्यतो कोमट असतानाच संपवाव्यात.