चार ते पंधरा

गॅदरिंगच्या दिवशी सकाळी साडेसातला आमच्या कॉलेजच्या मागच्या ग्राउंडवर एक मॅच असते. फळ्यावर खडूनं लिहिलेलं असतं : 'बास्केटबॉल (मुली), आजी विरुद्ध माजी'. एका वर्षी आमच्यातल्या एकीच्या पाच वर्षांच्या लेकीनं ती ओळ अक्षरं जुळवत वाचली आणि मोठ्यानं विचारलं, "यातली आजी कोण?" आम्ही सगळ्या तेव्हा चाळिशीला टेकलेल्या. हसलो सगळ्याच, पण जरा थांबून.

मी कॉलेजच्या टीममध्ये होते १९९३ ते ९६. नंबर सात. आम्ही एकमेकींना आजही नंबरानंच हाक मारतो. माझ्या फोनमध्ये 'बारा' आहे, 'पंधरा' आहे. नवऱ्याला वाटायचं, ही भिशीची यादी असावी. त्या काळी जर्सीवर चार ते पंधरा एवढेच नंबर चालायचे. एक, दोन, तीन ही बोटं रेफरीला पॉइंट दाखवायला लागत. फाउल करणारीचा नंबरही तो बोटांनीच दाखवी. एक मूठ आवळलेली आणि दुसऱ्या हाताची पाचही बोटं उघडी, म्हणजे पंधरा. आमच्या पंधरा नंबरला ही खूण इतक्या वेळा बघावी लागली की रस्त्यात कुणी टाटा केला तरी ती म्हणते, "मी काय केलं?"

आताच्या मुली २३ घालतात, ३० घालतात. गेल्या वर्षी एकीच्या पाठीवर चक्क दोन शून्यं होती. तिला हाक काय मारत असतील?

या मॅचचा आमचा एक नियम आहे. पहिला हाफ माजींच्या काळच्या पद्धतीनं, दुसरा आजींच्या. म्हणजे आधी सात नंबरचा मोठा बॉल आणि शॉट घ्यायला तीस सेकंद. नंतर हल्ली मुली खेळतात तो सहा नंबरचा लहान बॉल आणि चोवीस सेकंद. चोवीस सेकंद २००० साली आले; आमच्या गुडघ्यांना ते अजून मान्य नाहीत. खरा हाफ वीस मिनिटांचा, आम्ही तो दहावर आणलाय. तीन पॉइंटची रेषा मात्र वादाचं मूळ. आमच्या वेळी ती सव्वासहा मीटरवर होती, २०१० नंतर पावणेसातवर गेली. ग्राउंड नव्यानं रंगवलं तरी जुनी रेषा खालून पुसट दिसतेच, आणि रिंगखालचा आमचा समलंब चौकोनही. त्याच्यावर आता सरळ आयत काढलाय. कोवळ्या उन्हात दोन्ही आकृत्या दिसतात, एकीवर दुसरी. त्यामुळे माजींपैकी कुणी जुन्या रेषेवरून बास्केट केली की पॉइंट दोन का तीन, यावर पाच मिनिटं मॅच थांबते. ती पाच मिनिटं आम्हाला हवीच असतात.

आता आमचा सीझन. जुलैत सिलेक्शन झालं की रोज सकाळी सहाला प्रॅक्टिस. ग्राउंड सिमेंटचं, उघड्यावरचं. रात्री पाऊस झाला की आधी खराट्यानं पाणी लोटायचं, मग गोणपाटानं टिपायचं, मग लेअप. घरून ट्रॅकपँट घालून निघायचं आणि हाफ पँट ग्राउंडवर. ते घरी माहीत असायचं, पण बोलायचं नसायचं. सर प्रत्येकीला खिशात गूळ-शेंगदाणे आणायला लावत. चार महिने हे असं. आणि मॅचेस किती? माझ्या शेवटच्या वर्षी पहिल्या फेरीत बाय मिळाला, म्हणजे न खेळताच पुढे. दुसऱ्या फेरीत समोरची टीम आलीच नाही, त्यांना पाच मुली जमल्या नाहीत. सेमीफायनल जिंकलो, फायनल हरलो. झाला सीझन. नॉकआउट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मुलींचा सीझन बऱ्याचदा एवढाच असतो. लग्नाचं जेवण त्याहून जास्त वेळ चालतं. फायनल जिंकलो असतो तर आंतरविभागीयला नाशिकला जाणार होतो. एसटीत कुणी कुणाशेजारी बसायचं, हेसुद्धा ठरलं होतं.

त्या दोन मॅचेस गेली तीस वर्षं आम्ही मॅचनंतरच्या मिसळीबरोबर खातोय. सांगते पंधराच. फायनलमध्ये पंधरा स्वतः पाच फाउल होऊन बाहेर बसलेली, म्हणजे तिला सगळं नीट दिसलं असं तिचं म्हणणं. शेवटच्या मिनिटाला सातला दोन फ्री थ्रो मिळाले, कुणी न अडवता मारायचे, एकेका पॉइंटचे; दोन्ही रिंगवर आपटून बाहेर आले आणि आपण दोन पॉइंटनी हरलो. एवढं सांगून ती माझ्या पानात एक पाव जास्तीचा टाकते. दरवर्षी.

२०१७ च्या जुलैत बेंगळुरूला भारताच्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवून आशिया कपची ब डिव्हिजन जिंकली. त्या मॅचचं कौतुक पुढच्या जानेवारीत आमच्या गॅदरिंगलाही चालू होतं. त्या टीममधल्या आपल्या पुण्याच्या शिरीन लिमयेचं नाव आताच्या मुलींच्या तोंडी होतं, नुसतं 'शिरीनदी, शिरीनदी'. पंधरानं हिशेब मांडला, "बघा, दोनच पॉइंट! सात, तुझ्याऐवजी त्यातली कुणीही..." मी मुकाट्यानं पाव खाल्ला.

त्याच्या पुढच्या वर्षी अकरानं पर्समधून एक घडी काढली. अकरा बँकेत आहे, कागद टाकून देणं तिच्या स्वभावात नाही. ती फायनलच्या स्कोअरशीटची कार्बन कॉपी होती, पिवळी. पिवळी प्रत हरणाऱ्या टीमची, गुलाबी जिंकणाऱ्यांची. घड्यांवर विरलेली, पण आकडे वाचता येत होते. आम्ही चौदा पॉइंटनी हरलो होतो.

मिसळीचा रस्सा गार झाला. पंधरानं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. चौदाच. कुणीतरी मला म्हणालं, "सुटलीस गं तू." मी माझे फ्री थ्रो त्या कागदावर शोधत होते. ते नव्हतेच. स्कोअरशीटवर फक्त पडलेल्या बास्केटची खूण होते. हुकलेला फ्री थ्रो त्या कागदाला माहीतच नसतो. अकरानं घडी होती तशी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

यंदाही मॅच झाली. आम्ही पहिला हाफ जिंकलो आणि दुसऱ्यात पार धुतले गेलो. मिसळ आली. दोन शून्यवाली मुलगी ताट घेऊन आमच्यात येऊन बसली. म्हणाली, "काकू, तुम्ही फायनलला किती पॉइंटनी हरला होता?"

पंधरानं अकराकडे बघितलं. अकरानं लिंबू पिळायला घेतलं.

"दोन," मी म्हटलं. "माझे दोन फ्री थ्रो गेले."

पंधरानं माझ्या पानात पाव टाकला.