परमनंट कधी होणार? सैद्धांतिक भौतिकशास्त्रातल्या नोकरीचा हिशेब

"पोट्टं जर्मनीत सायंटिस्ट हाये म्हंता, मंग दर दोन वर्षांनं नोकरी काहून बदलवते?" दारव्हा-आर्णीकडच्या पानठेल्यावर हा प्रश्न हमखास निघतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं सरळ उत्तर कुणी देत नाही. ज्यांची मुलं-मुली तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बीएस्सी करताहेत, त्यांच्यासाठी जर्मनीतून हे लिहितो आहे.

आधी क्रम समजून घ्या. एमएस्सीनंतर पीएचडी. भारतात ती साधारण पाच-सहा वर्षं चालते, युरोपात तीन-चार. भारतात जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,०००. जर्मनीत पीएचडी करणारा बहुतेकदा विद्यापीठाचा नोकरदार असतो आणि त्याला ठरलेल्या वेतनश्रेणीचा अर्धा ते पाऊण पगार मिळतो. त्यातून आरोग्यविमा आणि पेन्शनची कपातही होते. मग पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी. हा दोन-तीन वर्षांचा करार, तो संपला की दुसरा, बहुतेकदा दुसऱ्याच देशात. असे दोन-तीन करार झाले की प्राध्यापकपदाच्या मुलाखती सुरू होतात. तोवर वय पस्तिशीला टेकलेलं असतं.

करार संपला म्हणजे पोराला काढून टाकलं असं नाही. जर्मनीत तर मुदतीच्या नोकरीला कायद्याचीच मर्यादा आहे: पीएचडीआधी ६ वर्षं, नंतर ६ वर्षं. मूल असेल तर काही वाढ मिळते, बाहेरच्या प्रकल्पाच्या पैशावरही राहता येतं. एरवी कायम जागा मिळवायची, नाहीतर विद्यापीठ सोडायचं. पुष्कळ जण पुढे डेटा, विमा, बँका अशा क्षेत्रांत जातात आणि तिथे चांगलं काम करतात. त्याला अपयश म्हणणं चूक आहे, आणि हे घरच्यांना पीएचडीच्या आधीच माहीत असलेलं बरं.

घरी सोयाबीनची मळणी चालू असते तेव्हा इकडे पोस्टडॉकच्या अर्जांची धावपळ असते. सप्टेंबर ते डिसेंबर अंतिम तारखा, डिसेंबर-जानेवारीपासून ऑफर, आणि रुजू व्हायचं पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे करार संपायच्या वर्षभर आधी पुढचं शोधायला लागावं लागतं. हा हंगाम हुकला की बहुधा वर्ष गेलं. चाळीस-पन्नास ठिकाणी अर्ज करणं इथे नेहमीचं आहे. या अर्जांना सहसा फी नसते. अमेरिकेतल्या पीएचडीचं मात्र तसं नाही. तिथे एकेका विद्यापीठाची अर्ज-फी शंभर डॉलरच्या आसपास जाते, म्हणून दहा ठिकाणी अर्ज करण्यापेक्षा फी माफ करणारी विद्यापीठं आधी हुडकावीत.

पोस्टडॉकच्या अर्जात सीव्ही, शोधनिबंधांची यादी, दोन-तीन पानांचं संशोधनाचं निवेदन आणि तीन शिफारसपत्रं लागतात. निर्णय होतो तो बव्हंशी पत्रांवर. याचं कारण आपल्याकडे फारसं ठाऊक नाही. कण-भौतिकी आणि स्ट्रिंग सिद्धांत या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या शाखांत निबंधावरची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लागतात. चौघांच्या निबंधात 'पहिलं नाव' कुणाचं, याला काही अर्थ नसतो. कोणी काय केलं ते पत्रातूनच कळतं. (म्हणून नावही पहिल्या निबंधापासून एकाच रूपात लिहावं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर मधे वडिलांचं नाव आणि निबंधावर तिसरंच काही असलं की पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा द्यावा लागतो.)

'केलं' म्हणजे काय केलं? एक उदाहरण देतो. दोघं जण तीच आकडेमोड स्वतंत्रपणे करतात आणि शेवटी उत्तरं ताडून पाहतात. जुळली नाहीत तर चूक बहुधा ठरलेल्या जागी सापडते: एकाने मेट्रिकचं (अवकाश-काळातलं अंतर मोजायच्या सूत्राचं) चिन्ह उलट धरलेलं असतं, फूरिये रूपांतरातला (लहरींच्या रूपात मांडायच्या गणितातला) 'पाय' स्थिरांकाचा गुणक दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेला असतो, किंवा सममितीमुळे येणारा अर्ध्याचा गुणक सुटलेला असतो. उत्तरं जुळली तरी काम संपत नाही. समीकरणातल्या प्रत्येक पदाची मिती (लांबी, वेळ, वस्तुमान यांचा हिशेब) सारखी आहे का ते पाहायचं. वेग प्रकाशाच्या मानाने अगदी कमी धरला की न्यूटनचं जुनं सूत्र परत मिळतं का ते तपासायचं. नाही मिळालं तर पहिल्या ओळीपासून पुन्हा. ही चूक ज्याने पकडली त्याचं नाव मार्गदर्शकाच्या लक्षात राहतं आणि पत्रात ते वाक्य येतं. 'विद्यार्थी हुशार व मेहनती आहे' अशा पत्राला इथे काही वजन नाही.

तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींची अडचण इथेच आहे. गणित त्यांना येतं, पण त्यांचं काम जवळून पाहिलेला संशोधक कुणी नसतो. त्यासाठी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. दोन महिने एखाद्या संस्थेत जाऊन काम करायचं, विद्यावेतनही मिळतं. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतही विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतला कार्यक्रम असतो. एमएस्सी-पीएचडीच्या प्रवेशासाठी जॅम, जेस्ट, टीआयएफआरच्या परीक्षा द्याव्यातच, पण मार्कांसोबत हा अनुभव असेल तर पुढचं पत्र लिहायला माणूस मिळतो.

या उन्हाळी कार्यक्रमांसाठीचं पहिलं पत्र मात्र आपल्याच कॉलेजातल्या सरांनी किंवा मॅडमनी लिहायचं असतं. त्यांना महिनाभर आधी सांगा. आपली गुणपत्रिका, अर्जाची अंतिम तारीख आणि त्यांच्यासोबत सोडवलेला एखादा अवघड प्रश्न हे सगळं एका कागदावर लिहून द्या. गुरुजनांना विनंती: वर्गात कितवा आला याच्यापुढे जाऊन, विद्यार्थी कुठे अडला आणि त्यातून कसा निघाला ते दोन ओळी लिहा. पत्र ऑनलाइन मागवलं असेल तर लिंक थेट त्यांच्या ईमेलवर जाते. कॉलेजचा सामाईक ईमेल दिला तर तो ऑफिसात कुणी उघडतच नाही, आणि लिंक अनेकदा स्पॅममध्ये पडलेली असते. त्यामुळे सरांचा स्वतःचा ईमेल द्या, आणि अंतिम तारखेच्या चार दिवस आधी स्टाफरूममध्ये जाऊन पत्र गेलं का ते विचारा.