काळ्या पट्ट्या

आमच्या विद्यार्थी फिल्म महोत्सवाचा पहिला दिवस संपला. दीपप्रज्वलन, सत्कार, भाषणं सगळं वेळेत उरकलं. लिहायचंय ते दुपारी दाखवलेल्या फिल्मच्या गटाबद्दल.

बीडकडच्या एका मुलीची बारा मिनिटांची फिल्म होती. आई-बाप ऊसतोडीला गेलेत, घरात आजी आणि नात. तिनं ती ४:३ मध्ये, म्हणजे जुन्या टीव्हीसारख्या अरुंद चौकटीत शूट केलीय. सकाळी चाचणीला प्रोजेक्टरनं ती पडदाभर ताणली. आजीचा चेहरा पसरट, दाराची चौकट आडवी. "भरलेला पडदा बरा दिसतो, राहू दे," असं एकाचं म्हणणं. मी अडून बसले. मूळ प्रमाण लावलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि आजी तिच्या अरुंद दारात पुन्हा नीट उभी राहिली. ती चौकट त्या मुलीनं विचार करून निवडलीय, ती मोडायचा आम्हाला काय हक्क?

आवाजाचंही तसंच. रिकाम्या सभागृहात बरोबर लावलेला आवाज माणसं भरली की दबतो, म्हणून फिल्म चालू असताना आमच्यातलं एक जण शेवटच्या रांगेत बसतं आणि हातानं खुणावतं.

विद्यार्थ्यांची फिल्म म्हणजे कशीही लावली तरी चालते, हा समज मला मनापासून खटकतो. नागराज मंजुळेंनी 'पिस्तुल्या' नगरला शिकत असताना केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवातल्या विद्यार्थी विभागात पहिलं बक्षीस आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या फिल्मला मिळालं. पण बक्षीस मिळो न मिळो, करणाऱ्यानं जशी केली तशी ती दिसायला हवी. महोत्सव भरवणाऱ्यांचं पहिलं काम तेच, पाहुणे आणि फ्लेक्स नंतर.

फिल्मनंतरच्या गप्पांत पहिला प्रश्न नेहमीचाच, "कॅमेरा कुठला?" मग फिजिक्सच्या एका मुलानं विचारलं, "आई एकदाही का दिसत नाही?" फिल्म करणारी मुलगी म्हणाली, "शूटिंगच्या वेळी ती तोडीवर होती. आत्ताही तिकडंच आहे." त्यानंतर प्रश्न थांबेनात. कोयत्याची उचल (ऊस तोडणाऱ्या जोडीला मिळणारी आगाऊ रक्कम), हंगामात बुडणारी शाळा, आजीला फिल्म दाखवली का, असं बरंच काही. पुढचा गट वीस मिनिटं उशिरा सुरू केला आणि तो निर्णय बरोबरच होता.

उद्या माहितीपट. साडेआठला चाचणी, दोन फायलींची सबटायटल्स अजून तपासायचीत.