गच्चीवरचा इन्फ्रारेड हिवाळा: फ्लेम, मृग आणि क्रॅब

या हिवाळ्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या गच्चीवरून तेजोमेघांचे दृश्य प्रकाशात फोटो काढणं मी जवळजवळ बंद केलं आणि सगळा वेळ ८५० नॅनोमीटरच्या आयआर-पास फिल्टरला दिला, म्हणजे त्यापुढचा इन्फ्रारेड प्रकाश तेवढा आत सोडणाऱ्या काचेला. बाकी सेटअप जुनाच: १५० मिमी एफ/५ न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), ताऱ्यांमागे फिरणारा ईक्यू माउंट आणि सोनीचा आयएमएक्स५८५ सेन्सर असलेला कूल्ड मोनो कॅमेरा. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा, फोकल लेंथ ७५० मिमी, म्हणजे पिक्सेलमागे ०.८ आर्कसेकंद आणि चौकट साधारण ५१ बाय २९ आर्कमिनिटांची. उत्तरेला टॉवर उभे आहेत आणि ध्रुवतारा ठाण्यात जेमतेम १९ अंशांवर, त्यामुळे तो दिसायचा प्रश्नच नाही. पोलर अलाइनमेंट, म्हणजे माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं, नीना या सॉफ्टवेअरमधल्या तीन बिंदूंच्या पद्धतीने होते, छान होते.

इन्फ्रारेड म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो हीट कॅमेऱ्याचा. तो प्रकार वेगळा. दिवसभर तापलेला स्लॅब जे उत्सर्जन करतो त्याचं शिखर १० मायक्रॉनच्या आसपास असतं, आपण काम करतो ०.८५ ते १ मायक्रॉनमध्ये. तिथे स्लॅब काळाकुट्ट. त्याची उष्णता फोटोत उतरत नाही, सीइंग, म्हणजे हवेची स्थिरता, मात्र रात्री दहापर्यंत बिघडवते. १ मायक्रॉनच्या फार पुढे आपल्याला जाताही येत नाही, कारण सिलिकॉनचा बँड गॅप १.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ११०० नॅनोमीटरला दार बंद. त्यापलीकडे जायचं तर कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बनवलेल्या आणि उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवर बसवलेल्या टिरकॅम-२सारखं उपकरण लागतं: इंडियम अँटिमोनाइडचा डिटेक्टर, ३५ केल्विनपर्यंत थंड केलेला. आपला कॅमेरा उणे दहावर गेला तरी आपण खूश.

मग या अरुंद पट्टीत ठाण्यातून काय मिळतं? माझं आता ठाम मत झालंय की शहरातून काम करणाऱ्याला इतकी फायद्याची दुसरी पट्टी नाही. रस्त्यांवरचे पांढरे एलईडी म्हणजे ४५० नॅनोमीटरचा निळा डायोड आणि त्यावर पिवळा फॉस्फर. ८००च्या पुढे त्यांचा प्रकाश जवळपास शून्य. जो घोडबंदर रोड हिरव्या-निळ्या फिल्टरमध्ये आख्खं आकाश धुऊन काढतो, तो ८५०ला जवळजवळ गायब होतो. जुने पिवळे सोडियम दिवे जिथे उरलेत तिथे मात्र सावध राहा, कारण सोडियमची एक तगडी रेषा ८१९ नॅनोमीटरला आहे. ८०७चा फिल्टर ती आत घेतो, ८५०चा अडवतो. प्रकाश थोडा कमी मिळाला तरी मी ८५० घेतला तो याच कारणाने. हॅलोजनवर इलाज नाही. त्याचा बहुतेक प्रकाश इन्फ्रारेडमध्येच असतो, त्यामुळे जवळच्या लॉनवर लग्न असेल आणि हॅलोजन लागले असतील तर त्या दिशेचं काम त्या रात्री सोडून द्यायचं.

चंद्राचंही तसंच. हवेच्या रेणूंकडून होणारं विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतं, म्हणजे ५५०च्या तुलनेत ८५०ला साडेपाच पटींहून कमी. बांधकामाच्या धुळीला हा नियम इतका कडक लागू नाही, तरी तिथेही फायदाच होतो. अष्टमी-दशमीच्या चांदण्यात मी बिनधास्त एक्स्पोजर घेतलेत.

मात्र वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी गेलं की इन्फ्रारेड आणखी भारी येईल, ही आशा फार धरू नका. वातावरणाच्या वरच्या थरातले हायड्रॉक्सिल रेणू ७०० ते १००० नॅनोमीटरमध्ये स्वतःच चमकतात, आणि ती चमक ठाण्यात तेवढीच जेवढी वांगणीत. ती मिनिटामिनिटाला बदलतेही. म्हणून सबचं, म्हणजे एकेका सुट्या एक्स्पोजरचं, बॅकग्राउंड खालीवर होतं. स्टॅकिंगच्या, म्हणजे सगळे सब एकावर एक रचण्याच्या, वेळी ते समपातळीवर आणणारं नॉर्मलायझेशन चालू ठेवावंच लागतं. मी ३० सेकंदांचे सब घेतो. त्याहून लांब घेऊन हाती काही लागत नाही, बॅकग्राउंड आधीच रीड नॉइजच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खरखरीच्या, वर गेलेलं असतं.

आता गच्चीवरच्या खऱ्या शत्रूबद्दल. पूर्वेकडच्या सबमध्ये एक ग्रेडियंट, म्हणजे एका बाजूने चढत जाणारा उजेड, येत होता. फ्लॅटने (समान उजेडाच्या दुरुस्ती-फोटोने) जात नव्हता, आणि आकाशाबरोबर न फिरता दुर्बिणीच्या नळीच्या दिशेप्रमाणे बदलत होता. टाकीच्या खोलीवर सोसायटीने सीसीटीव्ही बसवलाय. अंधारात त्याच्याकडे नीट बघितलं तर भिंगाभोवती मंद लाल ठिपक्यांचं कडं दिसतं. ते ८५० नॅनोमीटरचे एलईडी. डोळ्याला विझत आलेल्या उदबत्तीएवढे, माझ्या कॅमेऱ्याला फ्लडलाइट. सेक्रेटरी काकांना विचारलं, "काका, रात्री दोन तास तेवढा बंद ठेवता येईल का?"

"अहो, टाकीवरचा कॅमेरा कसा बंद ठेवणार? उद्या काही झालं तर मला कोण विचारणार नाही?"

रास्तच होतं. आता मी लिफ्टच्या मशीन रूमच्या आडोशाला ट्रायपॉड लावतो आणि मध्ये स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेला पुठ्ठा उभा करतो. ग्रेडियंट गेला.

फॉइलच का, हे महत्त्वाचं. आपल्याला काळं दिसणारं सगळं इन्फ्रारेडमध्ये काळं नसतं. घरातली काळी कापडं एकेक करून तपासली: टीव्हीचा रिमोट कापडाच्या मागे धरायचा, बटण दाबायचं आणि आयआर फिल्टर लावलेल्या कॅमेऱ्यातून बघायचं. रिमोटचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटरचा. छत्रीचं काळं कापड आणि एक जुनी ओढणी आरपार. दुर्बिणीवर टाकायला शिवलेलं काळं आवरण दुधी काचेसारखं. थ्रीडी प्रिंट केलेला काळा ड्यू शील्ड (दव अडवणारं नळकांडं) आतून उजळलेला. टिकला तो फक्त जाड काळा पुठ्ठा, आणि फॉइल तर टिकणारच. ज्यांच्या दुर्बिणीला नळी नसून नुसता सांगाडा आहे, त्यांनी ही चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊच नये. आणि तो फिल्टर लावून एकदा दिवसाउजेडी येऊरच्या डोंगराचा फोटो काढून बघा. सगळं रान बर्फ पडल्यासारखं पांढरं येतं, कारण हिरवी पानं ७००च्या पुढचा प्रकाश भरभरून परतवतात. फिल्टर नीट काम करतोय याची खात्री करायला याहून सोपा मार्ग नाही.

न्यूटोनियनचा इथे मोठा फायदा आहे, आरशाला रंग कळत नाही. कडेचे तारे सुधारणाऱ्या कोमा करेक्टरमध्ये भिंगं आहेत म्हणून कडेचे तारे किंचित मऊ येतात, तेवढं चालतं. फोकस मात्र आयआर फिल्टर जागेवर असतानाच करायचा. मी बाहतिनोव्ह मास्क (फोकस दाखवणारी खाचांची जाळी) लावून मृगातल्या काक्षीवर (बीटलज्यूस) करतो. तो लाल महातारा इन्फ्रारेडमध्ये नुसता पेटलेला असतो. ज्यांच्याकडे अ‍ॅक्रोमॅट, म्हणजे साध्या दोन भिंगांची दुर्बीण, आहे त्यांनी या वाटेला न गेलेलंच बरं. कलर कॅमेरावाल्यांनी सेन्सरपुढची काच आयआर अडवणारी आहे का ते आधी बघा. नसेल तर मजा आहे: ८५०च्या आसपास बेयर फिल्टरचे (पिक्सेलवरच्या रंगीत काचांचे) तिन्ही रंग जवळपास सारखेच पारदर्शक होतात आणि कॅमेरा मोनोसारखा वागतो.

आता फ्लेम तेजोमेघ, म्हणजे एनजीसी २०२४. मृगाच्या त्रिकांडातल्या पूर्वेच्या ताऱ्याला, अलनिटाकला, अगदी खेटून. दृश्य प्रकाशात हाच तारा फोटोचं वाटोळं करतो. ८५०ला त्याचा जोर उतरतो, तो उष्ण आणि निळा असल्यामुळे. भोवती एक कडं राहतं, बहुधा काचांवरचे थर दृश्य प्रकाशासाठी बनवलेले असतात म्हणून. ते मी तसंच ठेवलंय.

साध्या लाल फिल्टरच्या स्टॅकमध्ये फ्लेमच्या मधोमध जाणारा काळा पट्टा ओळखीचा दिसतो, फांद्या फुटलेला आणि आतून रिकामा. इन्फ्रारेड स्टॅक त्याच स्ट्रेचवर (तेवढाच उजळवून) आणून दोन्ही आलटून पालटून बघितले. आजूबाजूची ज्वाळा बसते, पट्ट्याच्या कडा विरघळतात आणि त्या रिकाम्या जागेत तारे उगवतात. एखाददुसरा नाही, लहानमोठ्यांचा घोळका, पट्ट्याच्या मध्याकडे दाटत गेलेला. धुळीमागचा तारकागुच्छ तो हाच.

हिशेब सरळ आहे. धूळ ८५०ला दृश्य प्रकाशाच्या ढोबळमानाने निम्मी आडवी येते. जो तारा दृश्य प्रकाशात १० प्रतींनी (तेजस्वितेच्या पायऱ्यांनी) झाकोळलाय तो इथे ५ प्रतींनीच झाकोळतो, आणि ५ प्रती म्हणजे १०० पट. सेन्सरची क्षमता ८५०ला शिखराच्या निम्म्याच्या आसपास आणि १०००ला नाममात्र, तरीही हा सौदा फायद्याचाच. उगवलेले ठिपके हॉट पिक्सेल नाहीत ना, हे बघायला स्टॅक प्लेट-सॉल्व्ह करून, म्हणजे ताऱ्यांवरून त्याची आकाशातली जागा ठरवून, अलादिन या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टूमासच्या (2MASS) प्रतिमेवर टाकला. टूमास म्हणजे १९९७ ते २००१मध्ये अ‍ॅरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या जुळ्या दुर्बिणींनी केलेलं आख्ख्या आकाशाचं इन्फ्रारेड सर्वेक्षण. पट्ट्यातले ठळक ठिपके एकास एक जुळले. अंधुकांपैकी काही जुळले नाहीत, ते मी पुसून टाकले.

यातून एक जुना समजही मोडतो. अलनिटाकच फ्लेमला पेटवतो असं कित्येक फोटोंखाली लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात वायूचं आयनीभवन करणारा तारा त्या धुळीच्या आतच आहे. आयआरएस-२बी हा त्याचा मुख्य दावेदार, आणि त्याच्यावर २० प्रतींहून जास्त आवरण. निम्मं केलं तरी १०च्या वर, म्हणजे ६ इंची आरशाच्या आवाक्याबाहेर. तो टूमासच्या २.२ मायक्रॉनच्या पट्टीतच बघायचा, तिथे धूळ दृश्य प्रकाशाच्या साधारण एक दशांशच आडवी येते.

चौकट दक्षिणेकडे सरकवून अश्वमुख हा काळा मेघही घेतला. निराशा. मागचा हायड्रोजन-अल्फाचा पडदाच ८५०ला नाही, मग काळी छाया उठणार कशावर?

मृगातला मोठा तेजोमेघ, एम४२, मात्र या पट्टीतही तेजस्वी राहतो. दोनदा आयनित झालेल्या गंधकाच्या ९०६.९ आणि ९५३.१ नॅनोमीटरच्या रेषा तिथे जोरदार आहेत, शिवाय हायड्रोजनच्या पाशेन मालिकेच्या रेषा आणि धुळीवरून परतलेला ताऱ्यांचा प्रकाश. गाभ्यातल्या ट्रॅपिझियम या चार ताऱ्यांभोवती तारेच तारे दिसतात. गाभा जळू नये म्हणून २ सेकंदांचे वेगळे सब घेतले. बाकी याच्याबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही.

वृषभेतला क्रॅब, एम१, जवळपास डोक्यावर येतो आणि तिथे उलटी गंमत होते. १०५४ साली दिसलेल्या स्फोटाचा हा अवशेष. हायड्रोजन-अल्फात उठून दिसणारे त्याचे तंतू ८५०ला फिके पडतात, आणि चुंबकीय क्षेत्रात गरगरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा सिंक्रोट्रॉन प्रकाश तेवढा उरतो. इंग्रजी एससारखा वळलेला, बिनतंतूंचा डाग. दिसायला सुंदर नाही, पण एकाच वस्तूत दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत हे फिल्टर बदलून समोर येतं. मला तो फोटो सगळ्यांत आवडला, घरात कोणालाच नाही.

प्रोसेसिंगबद्दल एकच. इन्फ्रारेड स्टॅक ल्युमिनन्स, म्हणजे उजेड-तपशिलाचा थर, म्हणून रंगीत फोटोवर चढवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. तेजोमेघ एका पट्टीतला आणि तारे दुसऱ्या पट्टीतले, अशी खिचडी होते. मी सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये इन्फ्रारेड लाल चॅनेलला, लाल फिल्टर हिरव्याला आणि हिरवा निळ्याला देतो. धुळीमागचे तारे मग आपोआप लालभडक येतात आणि पुढचे पांढरे. कोण आत आणि कोण अलीकडे, हे एका नजरेत कळतं.

पुढचं लक्ष्य धनूतला हंस तेजोमेघ, एम१७. त्याचा गुच्छही धुळीत गाडलेला, इथून ५४ अंशांपर्यंत वर येतो आणि मेच्या सुरुवातीला पहाटे मध्यावर असतो. अडचण दमटपणाची. पाण्याच्या वाफेचा मोठा शोषणपट्टा ९४०च्या आसपास आहे आणि मे महिन्यात खाडीवरची हवा कशी असते ते आपल्याला ठाऊक आहे. ९३०पर्यंतचाच प्रकाश हाती लागेल असं धरून एकूण एक्स्पोजर दीडपट ठेवणार आहे. लाल फिल्टरचे सब एप्रिलमध्येच उरकून घेईन, म्हणजे मेच्या रात्री फक्त ८५०ला राहतील. कोणाकडे ८ इंची न्यूटोनियन असेल आणि त्याच आठवड्यांत एम१७वर ८५० लावायची तयारी असेल तर सांगा, दोघांचे सब एकत्र स्टॅक करू.