सॅडलचा शोध, नोंद तिसरी: पुठ्ठ्यावरचे दोन खड्डे

मागच्या नोंदीत सायकलला जेलचं सॅडल, म्हणजे बसायची सीट, बसवलं होतं. ते काढलं. कात्रजचा जुना घाट उतरून शिरवळपर्यंत जाऊन आले, जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर. पहिला तासभर अगदी गादीवर बसल्यासारखं. खेड शिवापूर मागे पडलं तशा मुंग्या यायला लागल्या, आणि परतीला दर दहा मिनिटांनी पेडलवर उभी राहत होते. बसल्यावर भार बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. जेल फार मऊ असलं की हाडं त्यात रुततात, मधला भाग वर येतो आणि नेमक्या नाजूक जागी नसा दाबल्या जातात. दुकानात अंगठ्याने दाबून सॅडल निवडणं मी आता सोडलंय.

मग मोजमाप केलं. पार्सलच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवला, पातळ पायजमा घालून त्यावर बसले, टाचा उचलल्या, थोडी पुढे वाकले आणि दोन्ही हातांनी पायरी धरून स्वतःला खाली दाबलं. उठल्यावर पेन्सिल आडवी धरून पुठ्ठ्यावर हलकेच फिरवली, तर दोन खड्डे स्पष्ट उमटले. मध्यापासून मध्यापर्यंत १३२ मिमी. तीनदा केलं, फरक दोन-तीन मिमीचाच. रोड बाइकवर वाकून बसणाऱ्यांनी यात वीस-पंचवीस मिमी मिळवायचे. ताठ बसत असाल तर आणखी थोडे. म्हणजे मला १५५ मिमीच्या आसपास रुंदीचं सॅडल हवं. सायकलबरोबर आलेलं सॅडल १४० चं होतं! हाडं दोन वर्षं त्याच्या उतरत्या कडेवर टेकत होती. बायकांची ही दोन हाडं सरासरीने एकमेकांपासून जास्त अंतरावर असतात, पण सरासरीवर जाऊ नका, आपापला पुठ्ठा मोजा.

नवीन सॅडल १५५ मिमी, वरून बरंचसं सपाट, मधे लांबट खाच, पॅडिंग जेमतेम. हाताला जवळजवळ लाकूड लागतं. पहिले तीन दिवस हाडं दुखली, पण ते दुखणं वेगळं, स्नायूंना सवय होतानाचं. मुंग्या एकदाही आल्या नाहीत.

तरी मांड्यांच्या आत घासत होतं. इथे मी सॅडललाच दोष देणार होते, पण मागून व्हिडिओ काढून घेतला तर कंबर डावी-उजवीकडे डोलत होती. सीट उंच होती. पायाची आतली लांबी (जांघेपासून जमिनीपर्यंत) ७९ सेंमी, गुणिले ०.८८३, म्हणजे क्रँकच्या (पेडलचा दांडा फिरतो त्या आसाच्या) मध्यापासून सॅडलच्या माथ्यापर्यंत जेमतेम ७० सेंमी. माझी होती साडेएकाहत्तर. एका दिवसात सगळी उतरवली नाही, रोज पाच-पाच मिमी. डोलणं थांबलं, आणि घासणंही बहुतेक थांबलं.

सॅडलच्या पुढच्या टोकाचा कल मोबाइलच्या लेव्हलने बघितला. तीन अंश खाली केलं तेव्हा सारखी पुढे घसरत होते आणि सगळा भार तळहातांवर. आता एक अंश खाली, आणि तिथे हात बधिर होत नाहीत.

चामड्याच्या सॅडलचा मोह अजून आहे. आजोबांच्या सायकलला तेच होतं, ताणलेलं, त्यांच्या बैठकीचा आकार घेतलेलं. त्यात खाली कडक कवच नसतं, चामडंच दोन टोकांमध्ये झोळीसारखं ताणलेलं असतं, म्हणून ते माणसाप्रमाणे बसतं. पण भिजलं की चामडं सैल पडतं, आणि मी जुलैतही चालवते. तेव्हा ते दिवाळीनंतर.

रविवारी वाईला जाऊन आले. खंबाटकीचा चढ बसून चढले, मधे एकदाही उभं न राहता. घरी आल्यावर उजव्या बाजूला रुपयाएवढी जागा लाल दिसली, डाव्या बाजूला काहीच नाही. पॅडेड शॉर्ट्सच्या आत काही घालत नाही, शिवणही तपासली. डिसेंबरात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) करायची आहे, मुदत साडेतेरा तासांची, त्याआधी हे सुटायला हवं. एकाच बाजूला घासण्याचा अनुभव कुणाला असेल तर सांगा: क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) बघू, की दोन पायांच्या लांबीतला फरक?